गावंडे मॅडमची अर्धी टाकी

गावंडे मॅडम रागावल्या की आधी त्यांचे पाय हलायचे. बैठकीत बसल्या की त्या टेबलाखाली चपला काढून ठेवत. बोलणं जोवर कामाचं चाललेलं असे तोवर पाय मोकळे, निवांत. कोणी थापा मारायला लागलं की ते पाय चपला चाचपू लागत. एक पटकन सापडे, दुसरी बहुधा समोरच्याच्या खुर्चीखाली गेलेली असे. दोन्ही पायांत चपला गेल्या की मॅडम उभ्या राहणार आणि समोरच्याचं काही खरं नाही, हे आम्हा ऑफिसातल्या सगळ्यांना ठाऊक झालं होतं. संस्थेच्या अध्यक्षांना मात्र ते कधीच कळलं नाही, कारण ते टेबलाच्या वरचंच बघत.

मी तेव्हा त्या संस्थेच्या ऑफिसात होतो, अजूनही आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या काही रंगांच्या आणि कापडाच्या कारखान्यांनी मिळून ही छोटी संस्था काढली. सगळ्यांचं सांडपाणी पाइपाने आमच्या शुद्धीकरण केंद्रात येतं, आम्ही ते साफ करायचं आणि मग पुढे सोडायचं. उन्हाळ्यात ते बऱ्यापैकी होतंही. बोंब होते ती पावसाळ्यात. वसाहतीतली गटारं उघडी, चेंबरची झाकणं कुठे फुटलेली, कुठे चोरीला गेलेली. पाऊस जोरात आला की ते सगळं पाणी आमच्याच पाइपात घुसतं, केंद्र तुंबतं, आणि साफ न केलेलं पाणी नाल्यातून थेट खाडीत जातं. त्यात काही सद्गृहस्थ असे, की आभाळ भरून आलं की कारखान्यात साठवून ठेवलेली सगळी घाण नेमकी तेव्हाच सोडणार. पावसात कोणाचं काय वाहून गेलं ते कोण बघतंय? याला इथे ‘पाऊस साधणं’ म्हणतात. ‘काय शेठ, साधला का पाऊस?’ असं टपरीवर चहा पिताना एकमेकांना विचारतात. विचारणाऱ्याला लाज वाटत नाही आणि सांगणाराही हसून सांगतो.

मॅडम मूळच्या अकोल्याच्या. नवरा इकडे वीजकेंद्रात नोकरीला, म्हणून त्या आल्या आणि आमच्या संस्थेत अर्थ अधिकारी झाल्या. मी कराडचा. आम्हा दोघांनाही समुद्र नवीनच, पण मला मासळी लगेच आवडली. मॅडमना वाससुद्धा सहन व्हायचा नाही. डब्यात ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्यापैकी कोणी सुकटीची चटणी उघडली की त्या आपला डबा उचलून सरळ खिडकीपाशी जायच्या. तिथे पाठ करून जेवायच्या आणि जेवता जेवता तिथूनच कामं सांगायच्या.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या वसाहतीत माहीत झाला होता. कोणी ‘बघू’ म्हणालं, ‘करू’ म्हणालं, ‘विचाराधीन आहे’ म्हणालं, की मॅडम विचारायच्या, “म्हणजे कधी?” आवाज चढलेला नसे. भाजीवाल्याला भाव विचारावा इतक्या साधेपणाने त्या विचारत. पण उत्तर मिळेपर्यंत समोरच्याकडे बघत राहत. मोठमोठे कारखानदार त्या बघण्याने पेन उघड-मीट करायला लागायचे.

आता टाकीचं सांगतो, कारण टाकी सांगितल्याशिवाय मॅडम सांगता येणार नाहीत.

पावसाचं जास्तीचं पाणी काही काळ धरून ठेवायला एक मोठी टाकी हवी होती. पाऊस ओसरला की त्यातलं पाणी हळूहळू केंद्रात घ्यायचं आणि साफ करायचं. ही काही मॅडमची कल्पना नव्हे, सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. प्रश्न पैशाचा होता. सरकारी अनुदान मागायला जावं तर ते म्हणत, मागच्या पावसाची सरासरी दाखवा, त्या मापाची टाकी मंजूर करू. आता ही सरासरी काय असते बघा. जून ते सप्टेंबरचा सगळा पाऊस घ्यायचा आणि सगळ्या दिवसांना सारखा वाटून टाकायचा. निघाली रिमझिम. त्या रिमझिमीला आमची आहे ती व्यवस्था पुरेशी होती, त्यामुळे कागदावर आम्हाला टाकीची गरजच नव्हती. बँकेकडे गेलो तर बँक म्हणाली, टाकीतून उत्पन्न काय? मॅडम तिथून परत आल्या त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग त्यांनी ‘पावसाळी वर्गणी’ काढली. प्रत्येक कारखान्याने महिन्याच्या बिलावर थोडी जास्त रक्कम द्यायची, ती वेगळी ठेवायची आणि त्यातून टाकी बांधायची. त्यातही मॅडमची अट अशी, की पाऊस पडत असताना जो जास्त पाणी सोडेल त्याची वर्गणी जास्त. पाऊस साधणाऱ्यांची नस बरोबर दाबली होती त्यांनी. केवढी आरडाओरड झाली. पण पैसे जमू लागले.

जमलेले पैसे बघितले की माणसांची बुद्धी कशी चालते ते मी त्या दोन वर्षांत पाहिलं. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा झाला. दिवाळीच्या आधी बैठक बसली आणि अध्यक्ष म्हणाले, “बघा, टाकीची काही गरज पडली नाही. सध्या घाई नको.” व्याजाच्या पैशातून कंपाउंडची भिंत रंगवून घेतली, तिच्यावर उड्या मारणारे निळे मासे काढले आणि खाली पाणी वाचवण्याचा उपदेश लिहिला. दुसऱ्या वर्षी आभाळ फाटलं. खाडी काळी झाली, मासे उलटे होऊन तरंगले. पुन्हा दिवाळीच्या आधी बैठक बसली आणि तेच अध्यक्ष, त्याच खुर्चीतून, त्याच आवाजात म्हणाले, “असा पाऊस आला तर कोणतीच टाकी पुरणार नाही. निसर्गापुढे कोणाचं चालतं? उगाच पैसे पाण्यात कशाला घालायचे?”

मी इतिवृत्त लिहीत होतो. टेबलाखालून चपलांचा आवाज आला.

मॅडम उभ्या राहिल्या. “मागच्या वर्षी कमी पाऊस झाला, तर तुम्ही म्हणले टाकी नको. यंदा जास्त झाला, तरी म्हणून राहिले टाकी नको. मग टाकी बांधायला तुम्हाला पाऊस तरी कोणता पाहिजे, ते एकदा सांगून द्या. मी तसा मागवते.”

सल्लागार म्हणून एक गृहस्थ यायचे, टाय घालून. ते म्हणाले, हवामानाचंच आता नक्की नाही, अजून काही वर्षं आकडे जमू द्यात, चित्र स्पष्ट झालं की मग योग्य मापाची टाकी बांधता येईल, आत्ताच बांधली आणि मोठी ठरली तर पैसा वाया.

“आणि थांबलो तर काय वाया जाते?” मॅडमनी विचारलं.

“थांबण्याला काही खर्च नाही,” सल्लागार म्हणाले.

“आहे ना. तुमच्या खिशातून नाही जाऊन राहिला, म्हणून तुम्हाला दिसत नाही. खाडीवरचे लोक दर पावसाळ्यात भरून राहिले ती वर्गणी. आपल्या आधीपासून भरून राहिले. त्यांची खुर्ची नाही ना या खोलीत.”

मला अजून संताप येतो तो याचाच. शिकलीसवरलेली, परदेशात फिरलेली माणसं. यांना आपल्या मालाच्या भावात उद्या काय चढउतार होईल याचा अंदाज बांधायला कधी अडचण येत नाही. तिथे अनिश्चितता दिसली की लगेच विमा काढतात, आगाऊ खरेदी करतात. मग पावसाचं नक्की नाही म्हटल्यावर यांनाच का बरं हात बांधून बसावंसं वाटतं? नुकसान दुसऱ्याचं असलं की माणूस भारी संयमी होतो. त्या दिवशी बैठक चहा-सामोशांवर संपली आणि टाकीचं घोंगडं आणखी भिजत पडलं.

उत्तर सापडलं ते आमच्या घरी. मी सरावलीला राहतो. आमच्याकडे सत्यनारायण होता, मॅडम प्रसादाला आल्या होत्या. हातात प्रसादाची वाटी घेऊन गॅलरीत उभ्या असताना त्यांना आजूबाजूच्या गच्च्या दिसल्या. सरावलीत बहुतेक सगळ्या घरांच्या गच्चीवर खांबांच्या सळया वर निघालेल्या असतात आणि गंजू नयेत म्हणून प्रत्येक सळईवर रिकामी प्लास्टिकची बाटली उलटी घातलेली असते. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. मॅडम नव्यानेच बघत होत्या.

“हे काहून ठेवलं असं?” त्यांनी माझ्या बायकोला विचारलं.

“वरचा मजला काढायचाय ना पुढे,” बायको म्हणाली. “पाया दोन मजल्यांचा घातलाय. आता होते तेवढ्या पैशांत खालचं केलं. मुलाचं लग्न ठरलं की वर चढवायचं. ठरलंच नाही तर राहील तसंच.”

मॅडमनी वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “उद्याची बैठक लावा.” बैठक उद्या लागणं शक्य नव्हतं, पण पुढच्या आठवड्यात लागली.

तिथे त्यांनी मांडलं ते असं. पाऊस किती वाढणार हे कोणालाच सांगता येत नाही, मान्य. मग आज सगळी टाकी बांधू नका. पाया मोठ्या टाकीचा घाला, जाड. भिंत अर्ध्या उंचीची घ्या आणि सळया वर सोडून द्या. पाऊस साधारण राहिला तर अर्धी पुरेल, तुमचे पैसे वाचले. टाकी एकदा जरी भरून वाहिली तर मात्र सळयांना सळया जोडायच्या आणि भिंत वर चढवायची, पुढल्या पावसाच्या आत. त्यासाठीची वर्गणी वेगळी ठेवायची, तिला कोणी हात लावायचा नाही.

सल्लागारांनी मान हलवली, कारण हलवावीच लागली. कारखानदारांना त्यातलं किती समजलं कोण जाणे, पण ‘अर्धी’ हा शब्द ऐकून सगळ्यांचे चेहरे उजळले. अर्ध्या खर्चात काम होतंय म्हटल्यावर ठराव बिनविरोध झाला. मॅडमना वाटलं, आपलं म्हणणं पटलं. त्यांची चूक झाली असेल तर एवढीच.

काम सुरू व्हायच्या आधीच खाडीवरच्या गावातल्या बायका आमच्या ऑफिसवर आल्या. दरवर्षी येत, पण त्या वर्षी मेलेल्या मासळीच्या पाट्या घेऊन आल्या आणि पायऱ्यांवर ओतल्या. बोय, निवटे, चिंबोऱ्या, सगळा खच. पुढे हिराबाई. ही बोईसरच्या बाजारात मासळी विकते, आवाज असा की स्टेशनपर्यंत जावा. अध्यक्षांनी पोलिसांना फोन लावायला सांगितलं. मॅडम मात्र खाली गेल्या. नाकाला रुमाल होता.

हिराबाई म्हणाली, “रुमाल काड, बाय. तुमचाच वास हाय तो. आमची मासली अशी वास मारत नाय.”

मॅडमनी रुमाल काढला. डोळ्यांत पाणी आलं, ते वासानं की कशानं मला माहीत नाही. त्या तिथेच पायरीवर उभ्या राहून बायकांना टाकीचं सगळं समजावत राहिल्या, अर्धी का आणि वर कशी चढणार. हिराबाईने मध्येच अडवून विचारलं, “आनि नाय चडवली तं?”

“चढवू. माझा शब्द आहे.”

“साहेब लोक शबुद लय देतात, बाय.”

“मी साहेब नाही. टाकी पुढच्या पावसाच्या आत उभी राहील. आणि ती भरून वाहिली, तर त्याच्या पुढच्या पावसाच्या आत भिंत वर जाईल. नाही गेली तर मला येऊन विचारा.”

बायका आपसात काहीतरी बोलल्या. मग हिराबाई म्हणाली, “बरं. आमी मोठ्या हापिसात जानार होतो, पेपरवाल्यांना घेवन. नाय जात. तुज्या तोंडाकडं बघून नाय जात.” आणि त्या गेल्या. पायऱ्या आम्ही धुतल्या. अध्यक्षांनी त्या दिवशी मॅडमची फार स्तुती केली, छान हाताळलंत म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “मी हाताळलं नाही, साहेब. कबूल केलं.”

टाकी उभी राहिली. मॅडम रोज एक फेरी मारायच्या. ठेकेदाराच्या माणसांशी त्यांचं मोडकंतोडकं हिंदी चालायचं. भिंत ठरल्या उंचीला आली, वर सळयांचं रान. मॅडमनी कामगारांकडून रिकाम्या बाटल्या गोळा करवल्या आणि प्रत्येक सळईवर एकेक घातली, अगदी सरावलीसारखी. स्वतः उभं राहून घालून घेतल्या. मग त्यांच्या आईला पडल्यामुळे मांडीचं हाड मोडल्याचा फोन आला आणि त्या अकोल्याला गेल्या.

त्या तिकडे असतानाच उद्घाटनाचं ठरलं. कोणी मोठे पाहुणे मनोरला एका लग्नाला येणार होते, जाता जाता तासभर देतो म्हणाले. झालं, इकडे लग्नघरासारखी धावपळ. मंडप आला, हार आले. अध्यक्ष टाकी बघायला आले आणि सळयांवरच्या बाटल्या बघून त्यांचं तोंड वाकडं झालं. “हे काय भंगारवाल्याच्या दुकानासारखं? पाहुण्यांचे फोटो येणार इथे. कापून टाका आणि वरून नीट ग्रॅनाइट बसवा.”

मी म्हणालो, “मॅडमना एकदा विचारू या?”

“सळया कापायला अर्थ अधिकाऱ्याला काय विचारायचं?” ते म्हणाले.

गॅस कटर आला. सळया भिंतीच्या बरोबरीने कापल्या, भंगारात घातल्या. वर काळं चकचकीत ग्रॅनाइट बसलं. ग्रॅनाइटचा आणि मंडपाचा खर्च ‘कोणी हात लावायचा नाही’ अशा वर्गणीतून निघाला. जे उरलं ते उद्घाटनाच्या आनंदाप्रीत्यर्थ सभासदांना बिलात सूट म्हणून परत दिलं. पाहुणे आले, नारळ फोडला, पर्यावरणावर बोलले आणि गेले. मी कराडचा साधा माणूस, मला शिव्या येत नाहीत असं नाही, पण त्या दिवसाला पुरतील एवढ्या येत नाहीत. कसाई परवडला, त्याला निदान माहीत असतं आपण काय कापतोय. यांना माहीतच नव्हतं. ठराव यांनी केला, सह्या यांच्या, आणि टाकी दिसायला चांगली दिसत नाही म्हणून तिची वाढच छाटून टाकली.

मॅडम परत आल्या त्या बॅग घेऊन थेट टाकीवर गेल्या. ग्रॅनाइटवरून हात फिरवत पूर्ण फेरी मारली. ठेकेदाराचा वेल्डर सामान आवरत होता, त्याला विचारलं, “सळया कुठे गेल्या?”

“काट दिया, मैडम. साब ने बोला सफाई से काटो, फंक्शन है. आपका काम था क्या उसका?”

“हां,” मॅडम म्हणाल्या. “मेराही काम था.”

अध्यक्षांच्या केबिनमध्ये मी फायली घेऊन उभा होतो, म्हणून मला हे ऐकायला मिळालं. मॅडमनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी विचारलं, “भिंत आता वर कशी चढवणार?”

“गरज पडली तर बघू की, मॅडम.”

“म्हणजे कधी?”

“अहो, येणारच नाही एवढा पाऊस. आणि आलाच तर ड्रिल मारून नव्या सळया घालता येतात, मी इंजिनिअरला विचारलंय.”

मॅडमनीही विचारलं होतं. ड्रिल मारून सळया बसतात, पण पाणी धरणाऱ्या भिंतीत तो सांधा गळणार नाही अशी हमी द्यायला कोणी तयार नव्हतं. म्हणजे तिच्याभोवती दुसरी टाकी बांधण्याइतका खर्च. आणि वर्गणी तर वाटून झाली होती. मॅडमनी हे सगळं सांगितलं. अध्यक्ष ऐकता ऐकता फोनवर काहीतरी टाइप करत होते.

पाऊस सप्टेंबरात आला, सगळ्यांनी छत्र्या माळ्यावर टाकल्यानंतर. गणपती गेले होते, आता काय येतोय म्हणत होते लोक. आला तो थांबेचना. टाकी भरली. मी आणि मॅडम वरच्या खिडकीतून बघत होतो. पाणी काठाशी आलं आणि ग्रॅनाइटवरून चारी बाजूंनी सारखं वाहायला लागलं. ग्रॅनाइट अगदी लेव्हलमध्ये बसवलं होतं, काम चोख होतं. खाली नाला, नाल्यापुढे खाडी. कारखान्यांपैकी कितीजणांनी त्या दिवसांत पाऊस साधला ते देव जाणे, पण पाणी लाल, निळं, काळं असं रंग बदलत होतं. मॅडम खिडकीची जाळी धरून उभ्या होत्या. मी चहा आणला, तो गार झाला.

पाऊस उघडल्यावर बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, असा पाऊस कोणीच धरला नसता. कोणीतरी म्हणालं, निसर्गापुढे कोणाचं चालतं. मॅडमच्या पायांकडे माझं लक्ष होतं. त्यांनी चपला काढल्याच नव्हत्या. शेवटी अध्यक्षांनीच त्यांच्याकडे वळून सांगितलं, तुमची त्या बायकांशी ओळख आहे, समाजकार्याच्या खात्यातून धान्याची पाकिटं करतो, ती घेऊन जा, फोटो काढून आणा. मॅडम उठून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “तुमची स्कूटर काढा.” पाकिटं घेतली नाहीत.

खाडीवरच्या गावात पोचलो तेव्हा बायका घरापुढे बसल्या होत्या. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या रिकाम्या होत्या. मेलेली मासळी किनाऱ्यावर एका बाजूला ओढून ठेवली होती, वास मी म्हणत होता. मॅडमच्या हातात रुमाल नव्हता. हिराबाई आम्हाला बघून उठली नाही. मला वाटलं आता हिचा आवाज स्टेशनपर्यंत जाणार. मॅडमही त्याचसाठी आल्या होत्या.

“मी तुम्हाला म्हटलं होतं, भिंत वर नाही गेली तर येऊन विचारा,” मॅडम म्हणाल्या. “वरच्या सळया कापून टाकल्या, आता नाही जाणार ती. तुम्ही नाही आल्या, म्हणून मीच आली. बोला काय बोलायचं ते.”

हिराबाई हलक्या आवाजात म्हणाली, “तुला काय बोलू? तू खोटी नाय. पन खोटी असतीस तं बरं झालं असतं. तुज्या शबदावर आमी घरी बसलो. तू नसतीस तं त्या टायमाला आमी उठलो नसतो तिथनं, टाकी घेवनच उठलो असतो.”

हिराबाईच्या सुनेने आमच्यासाठी काळा चहा आणला. मॅडमनी तो सगळा प्यायला, कप खाली ठेवला आणि विचारलं, “आता कधी येणार तुम्ही?”

“सोमवारी,” हिराबाई म्हणाली.

परत येताना स्कूटरवर त्या एवढंच म्हणाल्या, “मी मध्ये पडली नसती तर त्यांना सगळी टाकी मिळाली असती हो.” मी म्हणालो, असं नसतं, मॅडम, तेव्हा पोलीस आले असते. त्या म्हणाल्या, “आले असते. आता येणार नाहीत काय?” दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा मी अध्यक्षांकडे नेऊन दिला. अध्यक्षांनी तो वाचला आणि ‘बरं झालं, शांततेत झालं’ म्हणाले. त्या माणसाला शांतता फार आवडते.

सोमवारी बायका आल्या. मागच्यापेक्षा जास्त होत्या, पलीकडच्या गावांतूनही आल्या होत्या. पाट्या होत्या, पण या वेळी कोणी काही ओतलं नाही, सगळ्याजणी फाटकाबाहेर रस्त्यावर बसल्या. त्यांच्यामधून वाट काढत मॅडम येताना दिसल्या. आमच्या वॉचमनला वाटलं ऑफिसलाच आल्या. त्याने सवयीने सलाम केला आणि त्यांच्यासाठी फाटक उघडलं.

“बंद कर ते,” मॅडम म्हणाल्या. “मी आत यायला नाही आली.”

वॉचमन गोंधळून वर आमच्या खिडकीकडे बघायला लागला. अध्यक्ष माझ्या शेजारीच उभे होते. म्हणाले, “जा, त्यांना वर बोलवा. चहा सांगा. मी शब्द देतो म्हणावं, पुढच्या पावसाआधी काहीतरी करू.”

मी खाली गेलो आणि फाटकाच्या आतून, गजांतून, निरोप जसाच्या तसा सांगितला. मॅडमनी तो नीट ऐकून घेतला. मग मागे वळून हिराबाईकडे बघितलं. हिराबाईने आपली पाटी बाजूला ओढली आणि शेजारी जागा केली.

“साहेबांना सांगा,” मॅडम मला म्हणाल्या, “शब्द या बायांनी एकदा घेऊन पाहिला. माझाच होता.”

आणि त्या हिराबाईशेजारी रस्त्यावर मांडी घालून बसल्या.